सूचनाबाई, पावती कोणाच्या नावाने फाडायची?

मु. पो. फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ

श्रीमती सूचनाबाई यांसी,
मुक्काम विनास्वाक्षरीत सातबारा, महाभूलेख

सा. न. वि. वि.

बाई, तुम्हाला पत्र लिहिणारा मी पहिलाच असेन. लोक पटवाऱ्याला शिव्या देतात, सर्व्हरला देतात, ऑनलाइन सेंटरवाल्या पोराला तर तोंडावर देतात. तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, स्वतःचा मोबाईल नंबर द्यायचा, ती वेडीवाकडी अक्षरं चष्मा लावून ओळखायची, की सातबारा फुकटात उघडतो. आणि त्यावर तुम्ही असता. तुमचं एकच म्हणणं: इथे दिसते ती माहिती कोणत्याही शासकीय किंवा कायदेशीर कामाला वापरता येणार नाही.

आता मला सांगा, शासकीय आणि कायदेशीर सोडून सातबाऱ्याचं दुसरं काम तरी कोणतं? तो काही कोणी फ्रेम करून देवघरात लावत नाही. कर्जाला बँक मागते, वारसाच्या नोंदीला तहसील मागते, धुऱ्याच्या भांडणात वकील मागतो. हां, एका कामाला मात्र तुमचा फुकटचा सातबारा पक्का चालतो. सोयरिकीला. मुलगी देणारे पाहुणे आता गावात पाय ठेवण्याआधीच मुलाच्या बापाचा गट उघडून बसतात. हेक्टर किती, आर किती, हिस्सेदार किती, इतर हक्कात कोणत्या बँकेचा बोजा. पूर्वी हे काढायला गावात चार माणसं गाठावी लागत, त्यातला एखादा लांबचा नातेवाईक निघे आणि मामला सावरून घेई. आता बोजा वाचला की पाहुणे फिरकतच नाहीत. पोहे वाचतात, तेवढाच शेतकऱ्याचा फायदा.

असो. सरकारने जमिनीची माहिती सगळ्यांना खुली केली, त्याबद्दल फुलं वाहायची ती वाहू. पण ती माहिती बरोबर असण्याची जबाबदारी तुम्ही एका ओळीत घराबाहेर काढून ओसरीवर ठेवलीत. तेव्हापासून ती आम्ही उचलतो आहोत, आणि उचलायचे पैसेही आम्हीच भरतो आहोत. खुल्या माहितीच्या प्रकरणात मी तुम्हाला मुख्य आरोपी करतो ते एवढ्यासाठी.

हिशेब लहान रकमेपासून सुरू करू. सहीचा सातबारा हवा तर पंधरा रुपये. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा सुरू झाला, तो कुठेही चालतो, पटवाऱ्याच्या दारात ताटकळावं लागत नाही. सोय खरीच चांगली. पण ते पंधरा रुपये भरायला आधी खातं उघडायचं, त्यात पैसे टाकून ठेवायचे, ओटीपीची वाट बघायची. हे ज्याला जमतं त्याला पंधरा. ज्याला जमत नाही, तो सेंटरवर जातो आणि पन्नास देतो. सेंटरवाल्याचा दोष नाही. त्याचं दुकानभाडं, वीज, इन्व्हर्टर, प्रिंटरची शाई आणि सर्व्हर बंद असताना दहा माणसांना तोंड देत बसणं, हे त्या पस्तिसात येतं. तांड्यावरून ऑटोने आलेली बाई सेंटरच्या पायरीवर बसून राहते. कापूस वेचणीचे दिवस असतात. सर्व्हर दुपारपर्यंत येत नाही, म्हणजे तिची त्या दिवसाची वेचणी गेली. ही मजुरी कोणत्याही खात्याच्या जमाखर्चात दिसत नाही, कारण तुमच्या कागदावर उतारा मोफत आहे किंवा पंधरा रुपयांचा आहे.

हे झालं अक्षरांचं. खरी गंमत नकाशाची आहे.

आमच्याकडचं नेहमीचं दृश्य सांगतो. खरिपात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची, वावरात उभं राहून, फोटोसकट. पूर्वी हे काम पटवाऱ्याचं होतं. तो चावडीत बसून अंदाजाने पऱ्हाटी-तूर लिहायचा ते आम्हाला माहीत आहे, त्याचं समर्थन नाही. तर काका फोन घेऊन वावरात जातात. कमरेएवढ्या पऱ्हाटीत उभे राहतात. रेंज नाही. धुऱ्यावर चढतात, एक कांडी येते. फोन म्हणतो, तुम्ही निवडलेल्या गटापासून इतके मीटर लांब आहात. काका खाली बघतात. बापाने लावलेला आंबा तिथेच आहे, विहीर तिथेच आहे, दर पोळ्याला बैल इथूनच निघाले. फोनवरचा ठिपका मात्र पलीकडे बोलावतो. काका ठिपक्याच्या मागे शेजाऱ्याच्या तुरीतून चालत जातात, शेजारी ओरडतो, ते नाल्यात उतरतात. तिथे फोन खुश. आता फोटो काढा. काकांच्या समोर बेशरमाची झुडपं. पीक कोणतं? कापूस. मग नाल्याच्या काठावर एका पायावर उभं राहून, हात लांब करून, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचं एखादं बोंड फोटोत घ्यायचं. ज्याच्या घरात शिकलेला मुलगा आहे त्याचं भागतं. बाकीचे गावातल्या कुणा पोराला पेट्रोल टाकून देतात.

ठिपका नाल्यात का जातो, ते तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही फक्त हात वर करता. वऱ्हाडात जमिनीची शिस्तशीर मोजणी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केली. साखळी ओढून. तेहतीस फुटांची साखळी. तिचाच चौरस म्हणजे आपला गुंठा, १,०८९ चौरस फूट. नकाशा कागदावर काढला. कागद दीडशे वर्षं दप्तरात पावसाळे खात राहिला, आकसला, घडीवर फाटला, मागून कापड लावून चिकटवला. मग कोणी तो स्कॅन केला, कोणी ठेक्याने त्याच्या रेषा संगणकावर उतरवल्या, आणि शेवटी तो उपग्रहाच्या चित्रावर आणून ठेवला. साखळीच्या काळच्या रेघा आकाशातून काढलेल्या फोटोवर मुकाट्याने बसतील, ही अपेक्षा कोणाची होती? त्यात फोनचा स्वतःचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडे-तिकडे. दोनशे मीटर लांबीच्या धुऱ्यावर पाच मीटरचा फरक म्हणजे हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे. पाव एकर. स्क्रीनवर केसाएवढी रेघ सरकते, आणि इथे दोन भावांची बोलचाल बंद होते.

मोजणीची किंमत या भागाला नवी नाही. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट यंत्र माणसांच्या खांद्यावरून डोंगरांवर चढवत, उत्तरेकडे सरकत तो वीस वर्षांनी वर्धेच्या मुलखात आला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला मेला. त्याची कबर अजून तिथेच आहे. त्या मोजणीत तापाने आणि वाघाने गेलेल्या खलाशांच्या, हमालांच्या कबरी कुठे आहेत ते कोणी विचारत नाही. पण एक खरं, लॅम्टनने आपल्या आकड्यांच्या खाली तुम्हाला बसवलं नव्हतं. चूक सापडली की तो परत जाऊन मोजायचा.

आता आपल्याकडची चूक सापडली तर काय? नोंदीतली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५: लेखनप्रमादाची दुरुस्ती. सुंदर शब्द आहे. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढवताना कुणाचं क्षेत्र घटलं, कुणाच्या आजोबाचं नाव गळालं, कुणाच्या नावापुढे शेजाऱ्याचा बोजा लागला. २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारने गावोगाव चावडी वाचन घेतलं, संगणकावरचे सातबारे लोकांना वाचून दाखवले आणि हरकती मागवल्या. मला ती मोहीम मनापासून आवडली होती, कारण त्यात निदान चूक शोधायला सरकार चावडीवर आलं. पण सापडलेला प्रमाद दुरुस्त करायला अर्ज, जुन्या उताऱ्यांच्या नकला, तहसीलदारांचा आदेश, आणि प्रत्येक पायरीला एक फेरी. प्रमाद टाइप करणाऱ्याचा, फेऱ्या खातेदाराच्या. पटवाऱ्याचे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना, त्यांचेही हाल कुत्रा खात नाही: दोन-तीन गावांचा भार, एक लॅपटॉप, रात्री सर्व्हर हलका असतो म्हणून रात्री फेरफार. खुल्या माहितीच्या उद्घाटनाला फीत कापायला मंत्री येतात. दुरुस्तीच्या फायलीला फीत एकच, लाल, आणि तीही कापत कोणी नाही.

नकाशातली चूक असेल तर मोजणी. डिसेंबर २०२४ पासून ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीची फी २,००० रुपये आणि द्रुतगतीची ८,०००. फी असू द्या, यंत्रं आली आहेत, राज्यात उपग्रहाच्या संकेतांवरून जागा अचूक ठरवणारी ७७ कॉर्स स्टेशनं उभी राहिली आहेत, मोजणीदाराच्या हातातला रोव्हर सेंटिमीटरमध्ये हद्द दाखवतो. मला फक्त एवढंच समजत नाही की चूक तुमच्या मोफत नकाशात, तर दोन हजार माझ्या खिशातून का? दुकानदाराने वजनात मारलं, तर तराजूची दुरुस्ती गिऱ्हाईक करतं का?

तुम्हाला वाटेल, हा फुलसावंगीचा माणूस उगाच कुरकुरतो, जगात सगळीकडे माहिती मोफत होते आहे. होते आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचंच बघा. १९७२ पासून ते पृथ्वीचे फोटो काढतात. ऐंशीच्या दशकात तिथल्या सरकारने तो धंदा खाजगी कंपनीला दिला, एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली, आणि संशोधकांनी हात आखडले. २००८ मध्ये सगळी चित्रं फुकट केली. जिथे दिवसाला पन्नासेक चित्रं विकली जात, तिथे हजारोंनी उतरवली जाऊ लागली. जंगलतोड, दुष्काळ, पिकं, सगळ्यांचा अभ्यास त्यावर चालतो. पण त्यामागे तिथल्या सरकारचं दरवर्षीचं बजेट आहे, संग्रह सांभाळणारी माणसं आहेत, आणि दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, परत फी लावावी का याची चर्चा त्यांच्याकडेही निघाली. फुकट ठेवायला रोज पैसे लागतात हे त्यांना विसरता आलं नाही. उलटं उदाहरणही त्यांच्याकडचंच. जनगणना खात्याचे रस्त्यांचे नकाशे फुकट होते, म्हणून २००७-०८ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांच्या नकाशाने ते जसेच्या तसे उचलले. मग कळलं की कित्येक रस्ते घरांवरून आणि तळ्यांतून जातात. पुढे वर्षानुवर्षं स्वयंसेवक आपापल्या घरी बसून ते रस्ते एकेक करून सरकवत राहिले. आमचे काका नाल्यात उभे राहतात, ते घरात खुर्चीवर बसतात, फरक एवढाच. पगार दोघांनाही नाही.

आणि दिल्लीतली गंमत तर तुमच्या लक्षात असेलच. २०१६ मध्ये केंद्राने भूस्थानिक माहितीच्या विधेयकाचा मसुदा काढला होता. भारताची सीमा नकाशात चुकीची दाखवली तर शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद! देशभर ओरड झाली, तो मसुदा गुंडाळला गेला, आणि पाचच वर्षांत, १५ फेब्रुवारी २०२१ ला, नकाशांवरची बंधनं उठवणारी मार्गदर्शक तत्त्वं आली. दोन्ही वेळा मी पेपर वाचून खूश झालो. पण हिशेब करून बघा: देशाची सीमा चुकवली तर शंभर कोटी सुचतात, आणि काकांची सीमा चुकवली तर तुम्ही सुचता.

ज्यांच्याकडे पैसा आणि माणसं आहेत, त्यांना मात्र तुमच्याशी काही भांडण नाही. उद्या मोठा रस्ता जाहीर होतो. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाची आखणी आली, यवतमाळ जिल्ह्याचं नाव त्यात आलं, की ज्याच्याकडे संगणकावर बसवायला चार पोरं आहेत तो माणूस संध्याकाळपर्यंत काढतो: रस्त्याला लागून गट कोणते, मालक किती, वाटण्या झाल्या नाहीत असे कोणते, बँकेचा बोजा कुणावर भारी आहे. अडलेला माणूस कोण, हे त्याला गावात न येता कळतं. त्या अडलेल्या माणसाला आपल्याच जमिनीची काय माहिती विकली गेली हे कळत नाही, कारण विकली काहीच गेलेली नाही, फुकट होती. हे मी मनाने म्हणत नाही. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात जमिनीची दप्तरं संगणकावर आणली तेव्हा देशभर कौतुक झालं. २००७ मध्ये संशोधक सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूच्या आसपास त्याचा अभ्यास केला, तर निघालं असं की मोठ्या जमीनखरेदीदारांना त्याने वाट सोपी करून दिली, आणि लहान शेतकऱ्याच्या गावातल्या ओळखी, गावातला पटवारी, ज्यांच्या आधारे तो तगून होता, ते मधून गळाले. खुलं दार सगळ्यांना खुलं असतं हे खरं. त्यातून ट्रक कोणाचा जातो ते बघायचं.

आणखी एक तक्रार, ही माझी नाही, आमच्याभोवतीच्या तांड्यांची. पुसद-महागाव-उमरखेडचा हा पट्टा बंजारा समाजाचा. वसंतराव नाईक इथूनच मुख्यमंत्री झाले. तांडा जोवर स्वतंत्र महसुली गाव होत नाही, तोवर महसुली नकाशात त्याला स्वतःची हद्द नसते. तो दुसऱ्या कुठल्या गावाच्या पोटात असतो. शंभर घरं, शाळा, सेवालाल महाराजांचं मंदिर, आणि नकाशात नुसतं पांढरं. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, माणसं अडकली, वायुदलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. अशा वेळी कुठलं घर कोणत्या नाल्याच्या कोणत्या काठाला, हे कोणी सांगितलं? गावातल्या माणसांनी, फोनवरून, घसा फोडून. त्यांची ती माहिती कोणत्याच पोर्टलवर नाही. तिच्यावर तुम्हीही नाही, कारण तिची जबाबदारी घ्यायला माणूस तिथे उभा होता.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग काय, नकाशे परत कपाटात घालू? चुकूनही नको. कपाटाचे दिवस मी बघितले आहेत. नकाशा बघायचा तर आधी शिपाई बघायचा, मग किल्ली बघायची, मग किल्ली असलेला साहेब दौऱ्यावर. पांदणीवर कोणी नांगर घातला तर पांदण नकाशात होती हे सिद्ध करायला वर्ष जाई. आज पोरगं दोन मिनिटांत फोनवर पांदणीची तुटक रेघ काढून दाखवतं. ती रेघ मला हवी आहे. पाच मीटर सरकलेली असली तरी हवी आहे. फक्त ती सरकलेली आहे हे सांगायला मी गेलो, तर मला खिडकी हवी.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. तुम्ही आहात तिथेच राहा. तुम्हाला उठवायची माझी ताकद नाही. तुमच्या बाजूला थोडी जागा करून एक बटण बसवा: नोंद चुकली आहे. दाबलं की पोच मिळावी, पोचेवर तारीख असावी, आणि तारखेनंतर उत्तर देणाऱ्या माणसाचं पदनाम असावं. तपासात चूक दप्तराची निघाली तर माझी मोजणीची फी माझ्या खात्यात परत यावी. अनुदानाची रक्कम येतेच ना खात्यात, तशीच. आणि हे काम करायला तालुक्याला माणसं आणि पैसे द्यावेत, नुसतं नवं ॲप देऊ नये. ॲप आमच्याकडे पुष्कळ झाली आहेत, फोनमध्ये जागा उरली नाही.

सवड मिळाली तर एकदा फुलसावंगीला याच. दिवाळीनंतर आमच्या धुऱ्याची मोजणी लागली आहे. नोटीस शेजाऱ्यांनाही गेली आहे, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तुम्हाला काही करावं लागणार नाही. फी मी भरली आहे. टेप धरायला मजूर मीच द्यायचा आहे, हद्दीचे दगड मीच आणून ठेवायचे आहेत, साहेबांची गाडी, चहापाणी, सगळं माझ्याकडे. चुनासुद्धा आमचाच असतो.

आपला,
एक खातेदार
(नाव, क्षेत्र आणि बोजा आपल्याला दिसतोच)